बाभळीचं गलबत

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत, ज्यांनी चार गावं पाहिली आहेत, त्यांनी आठवणी लिहाव्यात. मी बीड जिल्ह्यातल्या एका कोरड्या गावातल्या सुताराचा मुलगा, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या भाषेत चुका असतील. वाचणाऱ्यानं त्या माफ कराव्यात, असं लिहिलं होतं आणि खोडलं. खरी माफी ज्यांच्याकडे मागायची ते दोघंही हे वाचणार नाहीत. एकाला वाचता येत नाही आणि दुसऱ्याला मी वाचून दाखवायला धजणार नाही. म्हणून वाचणाऱ्याकडे फक्त थोडा वेळ मागतो.

आमचं गाव सिरसाळ्यापासून चालत दीडएक तासावर. घराला लागून वडिलांची छपरी आहे, तिथं ते काम करतात. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. गावातली साठेक घरं दादांची. ‘दादांची’ म्हणजे त्या घरांचं लाकडाचं काम दादाच करणार, दुसऱ्या गावचा सुतार त्याला हात लावणार नाही. वखर, तिफण, गाडीचा आख, घराची चौकट, काहीही असो. त्याबदल्यात सुगीला ती घरं धान्य देतात. पीक आलं तर देतात, नाही आलं तर दादा मागत नाहीत.

छपरीत एका बाजूला लाकडं रचलेली असतात. ती आमची नसतात. शेतकरी आपल्या बांधावरची बाभूळ तोडतो आणि ओंडका दादांकडे आणून टाकतो. दादा त्यावर गेरूनं खूण करतात. कुणाचं फूल, कुणाचा त्रिशूल, कुणाच्या नुसत्या दोन रेघा. मग ते लाकूड दोन उन्हाळे, तीन उन्हाळे तसंच पडून राहतं. वाळल्याशिवाय दादा त्याला हत्यार लावत नाहीत. ज्याचं लाकूड त्याचंच काम. मालक वारला तर त्याच्या मुलाला विचारल्याशिवाय ते लाकूड जागचं हलत नाही. लहानपणी मी अशाच एका ओंडक्यावर बसून भोवऱ्यासाठी ढलपी काढली होती, तेव्हा दादांनी मला आयुष्यात एकदाच मारलं.

त्या लाकडांत एक खोड होतं. त्यावर दोन रेघा आणि मध्ये एक टिंब. ते एका शेतकऱ्याचं होतं. त्यांना मी गावाच्या नात्यानं मामा म्हणतो. माळावर त्यांची चार एकर जमीन. दिवाळीनंतर नवराबायको ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. त्यांच्या घरी स्वतःची तिफण कधीच नव्हती. पेरणीला ते दुसऱ्याची मागून आणत, आणि मागून आणलेली तिफण कधी मिळते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मालकाचं झालं, भावकीचं झालं, मग शेजाऱ्याचं, मग मामांचं. तोवर चार दिवस गेलेले असत. जमिनीत पेरणीजोगी ओल असते त्याला वाफसा म्हणतात. माळाच्या जमिनीला तो दोन दिवस टिकतो. मामा दर साली वाळलेल्या मातीत बी टाकत आणि आभाळाकडे बघत. म्हणून त्यांनी बांधावरची एकुलती एक जुनी बाभूळ तोडली होती. तिफणीचं खोड म्हणजे अडीच हात लांब जाड ओंडका. त्याला तीन भोकं पाडून जमीन चिरणारे तीन फण बसवतात, आणि वरच्या चाड्यात मुठीनं सोडलेलं बी त्या फणांमागच्या नळ्यांनी जमिनीत पडतं. सगळी तिफण त्या खोडावर उभी असते.

मामा आले की आधी आपल्या खोडाजवळ जात, बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करत आणि विचारत, “मिस्त्री, वाळलं का?”

“अजून एक उन्हाळा,” दादा म्हणत.

“तुमच्या उन्हाळ्यांनी मीच वाळून चाललो.”

“तुला वाळवून तिफण होत न्हाई. त्येला वाळू दे.”

मी कॉलेजला गेलो ते दुष्काळाचं पहिलं वर्ष होतं. आमचे भूगोलाचे सर कोकणातले. एकदा शिकवताना त्यांनी विचारलं, गलबताला शीड कशासाठी असतं? मी नेहमी मागच्या बाकावर बसायचो, पण त्या दिवशी मला उत्तर येतं असं वाटलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “आत बसणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून, सर.”

मला खरंच तसं वाटत होतं. कारखान्यावर जाताना तोडकऱ्यांच्या गाडीवर चार काठ्या रोवून धोतर किंवा लुगडं बांधतात, खाली बायका-पोरं बसतात. पुस्तकातल्या चित्रात काठ्या होत्या आणि वर कापड होतं. वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी मोठं चित्र आणून मला वारं, शीड, डोलकाठी, सुकाणू सगळं समजावून सांगितलं. पण वसतिगृहात माझं नाव ‘सावली’ पडलं. “ए सावली, जरा इकडं सरक, ऊन लागतंय,” असं कुणीही म्हणायचं आणि मीही हसायचो. एकटा असलो की मला कानशिलं गरम झालेली जाणवायची.

आमचं कॉलेज ज्या मंडळींचं, त्यांनीच तालुक्यात सहकारी साखर कारखाना काढायला घेतला होता. ऊस नव्हता, पाणी नव्हतं, पण चिमणीचा पाया घातला गेला होता. कॉलेज उघडल्यावर हस्तकलेचं प्रदर्शन भरवायचं आणि उद्घाटनाला कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना बोलवायचं ठरलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सर म्हणाले, प्रत्येकानं काहीतरी हातानं करून आणा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, मी गलबत करीन. मागून कुणीतरी म्हणालं, “सावलीसकट कर.”

त्या सुट्टीत आई आणि दादा दोघंही दुष्काळी कामावर होते. तलावाचं काम निघालं होतं. आई माती वाहायची, दादा कुदळी-फावड्यांचे दांडे बसवायचे. सकाळी जात, दिवस मावळायला येत. मी अभ्यास करतो म्हणून मला घरी ठेवलं होतं. आई डोक्यावर पाटी घेत होती आणि मी छपरीत बसून गलबताचं चित्र काढत होतो, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

आधी मी खोक्याच्या फळ्या घेतल्या. त्या खिळा मारला की फाटायच्या. मग वठलेल्या लिंबाची फांदी आणली, तिच्या आतून भुसा निघाला. हातातल्या हत्यारात काही उणं नव्हतं. वाकस, पटाशी, गिरमिट, रंधा, सगळं दादांचं, धार लावलेलं. उणं होतं ते लाकूड. आणि उत्तम वाळलेलं लाकूड चार हातांवर रचलेलं होतं.

मी चार दिवस त्याच्याकडे पाहिलं. मनात म्हणत होतो, यंदा पाऊस पडणारच नाही. सगळा गाव तेच म्हणत होता. पाऊस नाही तर पेरणी नाही, पेरणी नाही तर तिफण नाही. पुढच्या साली मी कुठून तरी दुसरं खोड आणून ठेवीन. असं सगळं मी स्वतःला समजावलं. माझ्या शिक्षणाचा मी केलेला पहिला उपयोग हाच असावा.

पाचव्या दिवशी मी मामांचं खोड काढलं आणि रंधा मारून दोन रेघा आणि टिंब उडवून टाकलं. मग त्याहून वाईट केलं. त्याच हिवाळ्यात दादांनी आमच्या घराच्या उंबऱ्यासाठी एक बाभूळ पाडली होती, तिच्या तुकड्यांत तेवढाच एक ओंडका ओला, जड असा पडला होता. तो मी मामांच्या जागी सरकवला. त्याच्यावर गेरूनं दोन रेघा ओढल्या आणि मध्ये टिंब दिलं. हुबेहूब झाली खूण.

पुढचे दिवस फार चांगले गेले. हेही मला कबूल केलं पाहिजे. तीन उन्हाळे वाळलेली बाभूळ लोखंडासारखी असते, पण एकदा तिच्या रेषा कळल्या की ती फसवत नाही. बाहेरून वाकसानं तासून मी नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, निमुळता भाग काढला, आतून पटाशीनं पोकळ केलं. लालसर, काळपट रंग वर आला. सरांच्या चित्रावरून मापं घेतली होती, ती बोटांनी मोजून वाढवली. डोलकाठीला बांबू घेतला. दोर आईच्या अंबाडीच्या सुताचे वळले. शिडांना दादांचं जुनं धोतर फाडलं आणि ज्वारीच्या पिठाची खळ लावून ताठ केलं. खळीला पाणी पिण्याच्या हंड्यातलं घेतलं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा.

निघालेल्या ढलप्या मी चुलीजवळ ठेवत गेलो. आई खूश झाली. “लई वाळल्या ढलप्या हायेत रं, फुकायचं काम न्हाई,” ती म्हणाली. दादा जेवत होते. त्यांनी चुलीकडे पाहिलं नाही, ते दमलेले असायचे. त्या आठवड्यातल्या भाकरी त्या खोडावर भाजल्या गेल्या आणि मी त्या खाल्ल्या.

एका दुपारी मामा आले. पायात काटा मोडला म्हणून कामावरून लवकर परतले होते. मी डोलकाठी बसवत होतो. ते सावलीला टेकले आणि बराच वेळ बघत राहिले.

“काय चाललंय कालेजवाले?”

“जहाज करतोय, मामा.”

“जहाज. आन् पाणी?”

“पाणी न्हाई लागत. कपाटात ठिवायचंय.”

“मंग बरंय. न्हाईतर टँकरमागं पळवावं लागलं असतं.” ते आपल्याच बोलण्यावर हसले. मग जवळ आले आणि सवयीप्रमाणे पेरानं टकटक केली. गलबताचं पोकळ अंग खणखणलं. “कसं वाजतंय बघ. लई वाळलंय. कुणाचं लाकूड?”

“जुन्या गाडीचं. मोडीतलं.” दादांनाही मी हेच सांगितलं होतं.

“हां.” त्यांनी रचलेल्या लाकडांकडे पाहिलं. खूण वरच्या बाजूला दिसत होती. उठून तिथवर जायला त्यांचा पाय दुखत होता, म्हणून मी वाचलो. “माझं काय म्हणले मिस्त्री? ह्या साली देतो म्हणले व्हते.”

“अजून एक उन्हाळा म्हणले.”

दादा यंदा तसं काही म्हणाले नव्हते, मीच त्यांचं जुनं वाक्य पुढे केलं. मला वाटलं आता मामा म्हणतील की बघू दे तरी. पण ते म्हणाले, “मिस्त्री म्हणत्यात म्हंजी असंल. कच्चं दिऊन उपेग न्हाई.” जाताना त्यांनी शिडाला हळूच बोट लावलं, खळ ओली आहे का बघावं तसं, आणि म्हणाले, “हात बापाचा घेतलाय बे तू.”

असं कुणी मला आजवर म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, तेच वाक्य मनात घोळवत राहिलो.

कॉलेज उघडल्यावर मी गलबत पोत्यात गुंडाळून एसटीनं नेलं. मांडीवर धरून बसलो होतो. पाण्यात सोडून पाहायला गावात पाणी नव्हतं, त्यामुळे ते तरंगतं की नाही मला माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. प्रदर्शनात ते मधल्या टेबलावर ठेवलं. मला सावली म्हणणारेच इतरांना आणून दाखवत होते. सरांनी दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि म्हणाले, कोकणातल्या सुतारानं केलं असतं तर असंच झालं असतं. चेअरमनसाहेब थांबले. त्यांनी विचारलं, लाकूड कोणतं? मी म्हणालो, बाभूळ. कुठली? मी म्हणालो, आमच्या घरची. भाषणात ते म्हणाले की सहकार म्हणजे असं जहाज आहे, सगळ्यांनी मिळून ओढलं तर दुष्काळातूनही पार होतं. टाळ्या वाजल्या. नंतर त्यांच्या माणसांनी गलबत कारखान्याच्या कचेरीत ठेवायला मागून नेलं. मला विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. नाही म्हणायचं कारण मी कुणाला सांगू शकलो नसतो.

त्यानंतर आठवडाभरात आमच्या बाजूला पाऊस झाल्याचं कळलं. एसटीच्या चाकांना चिखल होता. वसतिगृहातली मुलं आनंदानं बोलत होती, पेरणीला घरी जायचं म्हणून रजा मागत होती. मी दिवस मोजत बसलो. पहिला दिवस, मामा आता छपरीत आले असतील. दुसरा दिवस. सकाळच्या एसटीत बसलो असतो तर दुपारपर्यंत घरी पोचलो असतो. दादांना सगळं सांगितलं असतं, तर निदान त्यांनी गावात कुणाचं तरी वाळलेलं लाकूड विनंती करून घेतलं असतं. मी गेलो नाही. पोस्टकार्ड आणलं. पण दादांना आलेलं कार्ड सोसायटीचे सचिव वाचून दाखवतात, तेही सोसायटीच्या ओट्यावर, दहा जणांत. मी लिहिलं, मी खुशाल आहे, अभ्यास चालू आहे, पाऊस झाल्याचं कळलं, आनंद वाटला.

दादांचं उत्तर आलं नाही. ते कधीच येत नसे, पण त्या वेळी मी रोज वाट पाहिली.

महिन्याभरानं आमच्या शेजारचा एक जण खरेदी-विक्री संघात खत न्यायला आला आणि मला भेटायला वसतिगृहावर आला. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, बोलका माणूस. आईनं दिलेल्या धपाट्यांचं गाठोडं त्यानं माझ्या हातात दिलं आणि पायरीवर बसला. मी पेरणीचं विचारलं.

“झाली की. सगळ्यांची झाली. तुझ्या मामाचं मात्र लई इचित्र झालं बे.”

“काय झालं?”

“काय न्हाई, तुझ्या बापानं त्येला तिफण करून दिली. पाऊस पडल्या पडल्या. छपरी गळून सगळीच लाकडं भिजून जड झालती, तरी कंदिलाच्या उजेडात दीड दिसात उभी केली. माणूस असा खूश, बैलाच्या शिंगाला गोंडे बांधले. गावात सगळ्यात आधी त्येची तिफण चालली. बायको चाड्यावर मूठ धरून बी सोडतीया, ह्यो गाणं म्हणतोय.” त्यानं तंबाखू मळली. “दुसऱ्या दिशी ऊन पडलं. कडक. आन् खोड तडकलं.”

मी गाठोड्याची गाठ घट्ट केली.

“वलं व्हतं लाकूड. मधल्या भोकापासनं चीर गेली, मधला फण लागला हलायला. बी वरच्या वर पडलं. त्येच्या ध्यानातच आलं न्हाई, गाण्याच्या नादात. दीड एकर तसंच पेरलं. आता बाजरी उगवलीया तर दोन वळी हिरव्या, मधली रिकामी. दोन हिरव्या, मधली रिकामी. सडकंवरनं दिसतंय. पोरं हसत्यात. राहिलेलं रान मागून आणलेल्या तिफणीनं पेरलं, तवर वाफसा गेलता.”

“दादा काय म्हणाले?”

“तुझा बाप? सांगतो. मामा छपरीत आला, चार माणसं व्हती, मी बी व्हतो. म्हणला, मिस्त्री, तुमच्या पोरानं मला तोंडावर सांगितलं व्हतं, अजून एक उन्हाळा पायजे म्हणून. तुमी आपल्या तोंडानं त्येला म्हणला व्हता. मंग कच्चं हाय हे ठावं असून कावून दिलं? मी काय मागं लागलो व्हतो का? मी तर पुढल्या साली चाललं असतं म्हणून गप बसलो व्हतो. तुमीच बोलावून घेतलं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती, बापाची बाजू घ्यावी अशी. माझ्या हातात गाठोडं होतं.

“तुझा बाप जरा येळ त्येच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. मंग म्हणला, पोरगं खरं बोललं. माझीच घाई झाली.”

वसतिगृहातली मुलं आत जेवायला चालली होती, त्यांतल्या एकानं मला हाक मारली. शेजारी उठला, धोतर झटकलं. जाताजाता त्यानं राहिलेलं सांगितलं, त्याच्या दृष्टीनं ते फारसं मोठं नसावं. मामांनी दुसऱ्या गावच्या सुताराकडे जायचं ठरवलं होतं. पण तो सुतार त्यांना म्हणाला, दुसऱ्याचं घर मी घेत नाही, त्यानं स्वतः येऊन सोडलं तरच घेईन. मामा ते दादांना सांगायला कचरत होते. दादांना ते कुणाकडून तरी कळलं.

“मंग गेल्या बाजारच्या दिशी तुझा बाप चालत गेला तिकडं,” शेजारी म्हणाला. “मामाला संगं घिऊन. त्या सुताराच्या दारात उभा ऱ्हायला, आत बी गेला न्हाई. म्हणला, हे घर आजपासनं तुझं. माझं काम कच्चं निघालं.”